स्वयंपाकघरातला सिंथेसायझर

बाबा, परवा एका मुलीने मला विचारलं, "मॅडम, मी आत्ताच सुरुवात करतेय, पहिला सॉफ्टवेअर सिंथ कुठला घेऊ?" ती माझ्याकडे ठाण्याला म्युझिक प्रॉडक्शन शिकायला येते. कान चांगला आहे तिचा. लॅपटॉपमध्ये मात्र इतके सिंथ, म्हणजे पडद्यावरचे सिंथेसायझर, भरून ठेवलेत की तिलाच त्यांची नावं आठवत नाहीत. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पहिलं वाक्य तुमच्या ढबीत बाहेर पडलं, आधी चष्मा काढून पुसायचा आणि मग बोलायचं, त्या ढबीत. मला चष्मा नाही, तरी हात नाकाकडे गेला. ती गेल्यावर हे लिहायला घेतलं. तिला मी जे काही सांगितलं ते कुठून आलं, ही हकिगत कुणालाच कधी सांगितलेली नाही, तुम्हालाही नाही, कारण तुम्ही तिथे होतातच. पण माझ्या बाजूने ती कशी दिसत होती हे तुम्हाला ठाऊक नसणार.

मोखाड्याचं टेलिफोन एक्स्चेंज मला अजून वासाने आठवतं. बॅटऱ्यांच्या खोलीतून येणारा आंबूस वास, आणि पलीकडे यंत्रांच्या खोलीत धूळ चालत नाही म्हणून दारातच काढून ठेवलेल्या चपला. शाळेला सुट्टी असली की मी जव्हारहून सकाळच्या एसटीने तुमच्याबरोबर यायची. तुम्ही रॅकसमोर उकिडवे बसलेले, मी तुमच्या मागे थंडगार फरशीवर अनवाणी. एक दिवस तुम्ही तपासणीचा हँडसेट माझ्या कानाला लावता आणि विचारता, "काय ऐकू येतंय?"

"घूं असा आवाज."

"कोण वाजवतंय?"

मी म्हणते, "मुंबईचा माणूस." तुम्ही हसत नाही. तुम्ही सांगता की कोणी वाजवत नाही, आत वीज हलते, ठरावीक वेगाने. वेग वाढवला की आवाज चढतो, कमी केला की उतरतो. मग तुम्ही दुसरा नंबर लावून दाखवता. पलीकडे कोणीतरी बोलत असतं, म्हणून तसलाच आवाज आता तुकड्यातुकड्यांनी येतो. "आवाजाचं काय करायचं ते नंतरचं," तुम्ही म्हणता, "आधी तो सतत चालू पाहिजे." मला त्या वयात त्यातलं फारसं कळलं नाही. पण परतीच्या एसटीत मी इंजिनाच्या आवाजाचा वेग मोजत बसले होते, हे आठवतं.

पुढे मी बी.एस्सी. झाले, जव्हारच्या बाजारपेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले, आणि तुम्ही घरी कॉम्प्युटर आणलात. दोन हजार सालानंतरची गोष्ट. आईला वाटलं होतं की तो पुढच्या खोलीत, आल्यागेल्याला दिसेल असा बसेल. तुम्ही टेस्टर घेऊन घरभर फिरलात आणि निकाल दिलात, अर्थिंग नीट आहे ते फक्त स्वयंपाकघरात, फ्रिजसाठी तुम्ही स्वतः केलेलं. "मशीन तिथेच बसेल." आईने नागलीच्या पिठाचा डबा आणि लोणच्याच्या बरण्या फळीवरून हलवल्या, मॉनिटरवर जुन्या साडीचा तुकडा घातला आणि मला बजावलं की फोडणीच्या वेळी तो तुकडा वर करायचा नाही. म्हणून माझं सगळं शिक्षण दोन स्वयंपाकांच्या मधल्या वेळात झालं, त्यातून भारनियमन वजा करून. कीबोर्डच्या फटींत मोहरी सापडायची.

मला गायचं नव्हतं, पेटीवर बसायचं नव्हतं. मला आवाज तयार करायचे होते, आणि त्यासाठी लागणारं वाद्य आता सॉफ्टवेअरच्या रूपात मिळतं हे मला नाशिकच्या मैत्रिणीकडून कळलं. ती संगीताचं एक परदेशी मासिक मिळवायची, त्याच्याबरोबर सीडी यायची, आणि सीडीत सिंथ. काही फुकट, काही नमुन्यापुरते. उघडला की पडद्यावर बटणांचं चित्र, आणि प्रत्येकात तयार आवाजांची भली मोठी यादी. कुठे काचेसारखा, कुठे देवळातल्या घंटेसारखा, कुठे नुसता वारा. मी आवाज बदलत जायची. एक आवाज, चार सूर, वा, पुढचा. एक सिंथ संपला की दुसरा. नवी सीडी आली की आधीचे सगळे जुने वाटायला लागायचे. असे कित्येक महिने गेले. रोज काहीतरी सापडत होतं, त्यामुळे मला पक्कं वाटत होतं की मी पुढे जातेय.

त्या रविवारी तुम्ही चहाचा कप घेऊन माझ्या मागच्या स्टुलावर बसलात. आई कोथिंबीर निवडत होती. मी तुम्हाला एकामागून एक आवाज ऐकवले. मधेच फसफस झाली, तेव्हा तुम्ही एकदम पुढे वाकलात. "लाईनीत काही आहे?"

"नाही बाबा. हा नमुन्याचा आहे. विकत घेतला नाही तर दर मिनिटाला असा आवाज टाकतो."

"म्हणजे मुद्दाम बिघाड करून ठेवलाय."

"हो."

तुम्ही चष्मा काढलात, पुसलात. "बरं. आता तू केलेलं एखादं पूर्ण लाव."

पूर्ण झालेलं काही नव्हतं. मी म्हणाले की अजून योग्य सिंथ मिळालेला नाही, तो मिळाला की करणार. तुम्ही पडद्यावरच्या एका बटणावर बोट ठेवलंत, अगदी काचेला लागेल असं. "हे काय करतं?" मला माहीत नव्हतं. "आणि हे?" तेही नव्हतं. मी जरा चिडून म्हणाले की आवाज तयार मिळतात, बटणं फिरवायची गरज नसते. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "गरज नसेल. पण मग हे तुझं वाद्य नाही. दुकानात उभं राहून कापडाला हात लावतेस तू. घेतलं काहीच नाहीस." आईने कोथिंबिरीतून मान वर करून तुमच्याकडे पाहिलं, म्हणजे पुरे. तुम्ही कप विसळून ठेवलात आणि बाहेर गेलात.

मला राग आला, आणि तो राग उपयोगी पडला. दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःसाठी एक परीक्षा ठरवली. तयार आवाजांकडे बघायचं नाही. प्रत्येक सिंथमध्ये सगळं शून्यावर आणायचं, नुसता घूं उरेपर्यंत, आणि तिथून मला ऐकायचा तो आवाज बनवता येतो का ते बघायचं. आठवड्याभरात निम्मे गळाले. सगळ्यात देखणा होता तो आपल्या मशीनला पेलेना. दोन सूर एकदम धरले की आवाज फाटायचा, तिसऱ्याला सगळंच थिजायचं. एकात हवं ते बटण तीन पडद्यांच्या आड होतं, तिथे पोचेपर्यंत मी काय करणार होते तेच विसरून जायची. फसफस करणाऱ्यांना मी तुमच्या शब्दात निरोप दिला, मुद्दाम बिघाड नको. उरला एक फुकटचा, राखाडी रंगाचा, दिसायला अगदी सरकारी. घूं काढणारे दोन ऑसिलेटर, त्याची धार गाळणारा एक फिल्टर, आणि सगळी बटणं एकाच पाटीवर समोर. मशीनवर त्याचा काही भारच पडायचा नाही. मी बाकीचे सगळे काढून टाकले. तुम्हाला हे सांगितलं नाही, पण तुम्ही पडदा पाहिलात आणि विचारलंत, "हाच?" मी म्हणाले, "हाच." तुम्ही मान हलवलीत. एका महिन्यात मला त्याचं प्रत्येक बटण डोळे मिटून सांगता यायला लागलं.

आणि मग आत्याचं झालं. तुमची मोठी बहीण, खोडाळ्याची. लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत गाणी म्हणायला पंचक्रोशीत तिला बोलावणं असायचं, हे मी तुम्हाला काय सांगणार. लग्नगीतांच्या सीडी काढणारा एक माणूस तिला गाडीत घालून शहरातल्या स्टुडिओत घेऊन गेला. तिथे तिच्या दोन्ही कानांवर हेडफोन चढवले, त्यातून कीबोर्डचा तयार ताल सोडला आणि गा म्हणाले. तिचा सूर कीबोर्डच्या दोन पट्ट्यांच्या मधे लागतो. वाजवणाऱ्याने सगळ्यांसमोर सांगितलं, बाई बेसूर आहेत. ती हेडफोन काढून परत आली. पुढच्या लग्नात नवरीची आई तिला न्यायला आली तेव्हा आत्या म्हणाली, घसा बसलाय. त्याच्या पुढच्या लग्नातही घसा बसलेलाच होता. बाजाराच्या दिवशी तुम्ही खोडाळ्याला जाऊन तिला भेटून आलात आणि घरी आल्यावर पायातले बूट न काढता बसून राहिलात. आईने विचारलं तेव्हा म्हणालात, "ती दळतानासुद्धा गात नाही."

मी भाकरी मोडत होते. मी म्हणाले, "तिला इकडे आणा. मी करते रेकॉर्डिंग."

"इथे? ह्या मशीनवर?"

"ह्याच मशीनवर."

"आणि परत नाही जमलं तर? तिला दुसऱ्यांदा तेच ऐकवायचं का?" तुमचा आवाज कडक होता. मी तुमची मुलगी होते, पण ती तुमची बहीण होती, आणि तुम्ही लहान असताना तिने तुम्हाला पाठीवर घेऊन शाळेत सोडलेलं होतं.

"बेसूर ती नाही, बाबा. पट्टी त्यांची चुकीची होती. माझ्या सिंथचा सूर मला हवा तिथे सरकवता येतो. ती जिथे गाईल तिथे मी जाईन." असं बोलताना मला कसलीच शंका नव्हती. आज इतकी वर्षं हे काम केल्यावर मी असं बोलायला दोनदा विचार करेन. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि बूट काढलेत.

ती आली ती नाइलाजाने, तुमचा शब्द मोडवेना म्हणून. मे महिन्यातली दुपार. जामसरच्या मंडपवाल्याकडून मी माइक आणला होता, तो फळीला दोरीने बांधला. फ्रिज बंद, पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, आई दाराबाहेर पहाऱ्याला. हेडफोन पाहताच आत्या मागे सरकली. तुम्ही आतल्या खोलीत गेलात आणि आपल्या घरच्या जुन्या फोनचा रिसीव्हर घेऊन आलात. त्याची वायर तुम्ही आदल्या दिवशीच कापून, कॉम्प्युटरला लागेल अशी जोडणी करून ठेवली होती. एका कानाला लावायचा, दुसरा मोकळा. ती भिवंडीला गेलेल्या मुलाशी दर आठवड्याला फोनवर बोलायची, त्यामुळे हात आपोआप तसाच वळला. तिचं बोलणं आपल्या घरच्या बोलीतलं. ती बोली मला बोलता येते, लिहिता नीट येत नाही, म्हणून इथे मराठी करून लिहितेय. तिने रिसीव्हर कानाला लावून विचारलं, "ह्यात कोण बोलणार?"

"कोणी नाही, आत्या. तू आधी नुसती गा. आम्ही ऐकतो."

ती गायली. पहिल्यांदा आवाज चाचपडत आला, मग दुसऱ्या कडव्यात नवरीच्या भावाला चिडवायची ओळ आली आणि ती स्वतःच हसली. तिथून पुढे तीच आमची नेहमीची आत्या होती. मी ऑसिलेटर चालू केला, फिल्टर पार खाली आणला, नुसता उबदार घुमारा उरेल इतका, आणि सूर सरकवायचं बटण हळूहळू फिरवत नेलं. तिचा सूर आणि माझा सूर जवळ आले की हवा थरथरते. आणखी जवळ नेलं की थरथर मंदावते. मग ती थांबते. थरथर थांबली त्या क्षणी आत्याने गाता गाता डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

पण कडवं संपेपर्यंत थरथर परत सुरू. मला वाटलं माझंच चुकलं. पुन्हा गायला लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं की ती गाणं जसं रंगतं तशी वर चढत जाते. गाण्यातली नवरी उठेपर्यंत आख्खा सूर वर गेलेली असते. तुम्ही कागदावर खूण केलीत, दर कडव्याला एकेक पायरी चढव. मी करून पाहिलं. प्रत्येक पायरीला ती अडखळली. मी तुमच्या हातातली पेन्सिल काढून ठेवली आणि म्हणाले, "पायऱ्या नाहीत, बाबा. चढण आहे." मग गाणं चालू असताना मी माउस धरून बसले आणि ते एक बटण तिच्याबरोबर, तिच्या श्वासाबरोबर, केसाएवढं केसाएवढं वर नेत राहिले. लहानपणी गावाबाहेरच्या शिरपामाळाकडे जाताना तुमचा हात धरून चालायची तेव्हा पाऊल तुमच्या पावलाबरोबर पडायचं, तसं. तो राखाडी सिंथ बटणाची हालचालसुद्धा रेकॉर्ड करून ठेवायचा. मी निवडलेल्या वाद्याला हे येत होतं, आणि ते वाद्य मला येत होतं. घामाने माउस निसटत होता. गाणं संपलं. बाहेरून आईने विचारलं, "झालं का? येऊ का?"

आत्याने रिसीव्हर कानावरून काढून मांडीवर ठेवला. "हा बरा आहे," ती म्हणाली. "सोबत येतो. ओढत नाही." मग पाणी प्यायली आणि म्हणाली, "आणखी एक म्हणते. हळदीचं." त्या दुपारी तिने पाच गाणी दिली. तिला थांबवावं लागलं, कारण आईला चूल पेटवायची होती.

तोच लग्नगीतांचा सीडीवाला ऐकायला आला. त्याने मान डोलावली आणि विचारलं, "चांगलं आहे, पण ताल कुठाय? लोक नाचणार कशावर?" मी त्याला सांगितलं की एका गाण्याखाली हवा तर ढोल टाका, पण तिच्या आवाजाला आणि माझ्या सुराला हात लावायचा नाही. तो दारात उभा राहून तुमच्याकडे बघत होता, निर्णय घरातला पुरुष देईल म्हणून. तुम्ही म्हणालात, "मला नका विचारू. काम तिचं आहे." त्याने तसंच केलं. ढोलवालं गाणं जीपमध्ये, मंडपात, बाजारात वाजत राहिलं. साधी गाणी बायका घरात ऐकायच्या. मला अर्थात वाटत होतं की आत्याला साधीच आवडतील. ती म्हणाली, "ढोलवालं भारी झालंय. बाकीची ऐकली की झोप येते." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. पण पावसानंतर तुळशीचं लग्न झालं आणि लग्नं सुरू झाली तेव्हा तिचा घसा बरा होता, आणि ती थेट शेवटच्या वर्षापर्यंत गात राहिली.

त्यातूनच मला पुढची कामं मिळाली. आधी शाळांची स्नेहसंमेलनं, मग एका नाटकाचं पार्श्वसंगीत, मग ठाणे. तुम्ही त्यातलं थोडंच पाहिलंत. शेवटच्या आजारात नाशिकच्या दवाखान्यात खिडकीजवळची खाट होती तुमची. आई खाली चहाला गेली होती. तुम्ही विचारलंत, "शिक्षकाच्या जागा निघाल्यात. अर्ज करणार नाहीस ना?"

"नाही."

"ह्यात भागेल तुझं? कायमचं?"

"भागेल," मी म्हणाले. लगेच म्हणाले, एक श्वाससुद्धा न घेता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग डोळे मिटलेत, आणि चेहरा सैल झाला. नंतर आई वर आली तेव्हा तिला म्हणालात, "पोरीची काळजी नको. तिने सगळं बघून ठेवलंय." आई हे वाक्य आजही पाहुण्यांना सांगते.

बाबा, भागतंय. चांगलं भागतंय. स्टुडिओ माझा आहे, आईला मी घेऊन आलेय, तिच्या खोलीला चांगलं ऊन येतं. हे लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवायचं असं ठरवलं होतं. ती बाहेर बसून शेंगा सोलतेय, हाक मारली की येईल. पण ते नको. कारण त्या दिवशी खाटेशेजारी मी काहीही बघून ठेवलं नव्हतं. पुढच्या महिन्याचं एकही काम हातात नव्हतं, आणि भागेल की नाही याची मला काडीचीही कल्पना नव्हती.